नीलम्माकडचं बसणं

नीलम्मा परत आली तेव्हा सासरच्या माणसांनी तिचं मरण केव्हाच उरकून घेतलं होतं. रंगूनवर बॉम्ब पडले, तिकडून टपाल यायचं बंद झालं, आणि माघ सरून चैत उजाडला तरी ईरण्णाचा आणि त्याच्या बायकोचा काही पत्ता लागेना. तेव्हा थोरल्या भावानं, शरणबसप्पानं, जंगमांना बोलावून दोघांच्या नावानं जेवण घातलं आणि डोळे पुसले. त्यानंतर श्रावणाच्या तोंडाला एका सकाळी अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर कुणा परक्याचं लुगडं, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, केस कातरलेले. शरणबसप्पाची बायको शिवगंगा तिला भिकारीण समजून भाकरी घेऊन बाहेर आली.

"अक्का, म्या नीलम्मा," बाई म्हणाली.

शिवगंगेच्या हातातली भाकरी मातीत पडली आणि ती आत पळाली. मेलेलं माणूस दारात आलं तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

गाव बेंबळीच्या पुढं, दोन ओढ्यांच्या बेचक्यात. नाव सांगून उपयोग नाही. पुढं जे झालं ते झालेलं हे एकच गाव नव्हतं. निजामाचा अंमल होता, चावडीवरचा कारभार उर्दूतनं चालायचा आणि पश्चिमेला बार्शीकडं गेलं की इंग्रजी हद्द लागायची. गावात लिंगायतांची चार-दोन घरं, बाकी कुणबावा, आणि ओढ्याच्या अंगाला पिंजाऱ्यांची, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या मुसलमानांची, गल्ली. शरणबसप्पाचं घर वाण्याचं. पुढं दुकान, मागं माळवदाचं घर, आणि घराच्या पोटात बळद, म्हणजे धान्य साठवायची बिनखिडकीची खोली. तिला छातीएवढ्या उंचीचं एक लाकडी दार होतं.

नीलम्मा मूळची नळदुर्गाकडची, घरात कानडी बोलणाऱ्या माणसांतली. धाकट्या ईरण्णाशी तिचं लगीन झालं. ईरण्णाचा जीव दुकानाच्या उंबऱ्यात कोंडायचा. सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं रंगुनात चादरींचं दुकान काढलं तेव्हा तो तिकडं नोकरीला गेला, आणि सगळ्यांचा विरोध मोडून बायकोलाही घेऊन गेला. तिथं त्यांना मुलगी झाली. रांगायला लागली आणि पावसाळ्यातल्या तापानं गेली.

तेव्हापासून नीलम्माची झोप उडाली. ती रांधायची, धुणं धुवायची, पण भिंतीतनं लेकराचं रडणं यायचं. शेजारी भजी तळून विकणारी एक बर्मी बाई होती. तिनं एक दिवस काही न बोलता नीलम्माचा हात धरला आणि तिला एका मठीत नेऊन बसवलं. तिथं डोकं भादरलेली, गुलाबी वस्त्रातली एक म्हातारी होती. तिला सगळे सयाले म्हणत, आपल्याकडं गुरुमाय म्हणावं तसं. नीलम्मा तिच्यापुढं पोटभर रडली. म्हातारीनं तिची समजूत घातली नाही की पाठीवरनं हात फिरवला नाही. रडणं सरल्यावर मोडक्या हिंदुस्थानीत तिनं एवढंच विचारलं, "सांस कहाँ लगता है?"

नीलम्माला वाटलं, म्हातारी बहिरी आहे. आपण काय सांगतोय आणि ही काय विचारतीय. पण म्हातारी उत्तराची वाट बघत बसून राहिली, तेव्हा नीलम्मानं लक्ष दिलं. श्वास नाकपुडीच्या कडेला लागत होता. जाताना कोमट, येताना गार. तिथंच राहायचं, म्हातारी म्हणाली. मन पळेल. पळालं की परत आणायचं, रागवायचं नाही.

त्या वर्षभरात नीलम्मा पुष्कळ शिकली. दुःख आलं की ते शरीरात कुठं बसतं ते बघायचं. छातीत बसलंय, घशात बसलंय, तिथं नुसतं पाहत राहायचं. ते वाढतं, थांबतं, विरतं. म्हातारीच्या तोंडी एक शब्द सारखा असे: अनिस्सा. टिकत नाही. सुख टिकत नाही, कळ टिकत नाही, आणि हे बघणारं मनसुद्धा टिकत नाही. बसायच्या आधी दर वेळी ती नीलम्माकडून पाच वचनं म्हणवून घ्यायची, तिच्या भाषेत. जीव घेणार नाही, चोरणार नाही, खोटं बोलणार नाही, असं काहीबाही होतं ते. नीलम्मा पोपटासारखी म्हणायची. देवळात शिरताना पायताण काढतात, तसा हा यांचा रिवाज असेल, असं तिनं धरलं होतं.

मग लढाई आली. रंगुनातनं माणसं चालत निघाली, डोंगरांमधनं, मणिपूरच्या दिशेनं. ईरण्णा वाटेत पटकीनं गेला. त्याला पुरायला ना जागा होती ना वेळ. नीलम्मा पुढं चालत राहिली. पाय उचलला, पाय टेकला, एवढंच ती बघत होती. बाजूला माणसं बसायची आणि मग उठायची नाहीत. तिनं आपल्या मनात भीतीला येताना पाहिलं, राहताना पाहिलं, जाताना पाहिलं, आणि ती हद्दीच्या अलीकडं पोचली.

घरात तिला ठेवून घेतलं; टाकणार कुठं? पण ती पहाटे माळवदावर जाऊन बसायची हे कुणाला रुचलं नाही. तिनं युक्ती केली. लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग असतंच. ते डाव्या तळहातावर घेऊन ती बसायची, म्हणजे पाहणाऱ्याला पूजाच वाटावी. सासूला, नागम्माला, काही दिवस बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की सुनेचे ओठ हलत नाहीत, नाव घेत नाही, नुसती बसते. गावात बोलवा झाली की ईरण्णाची विधवा बर्मातनं जादू शिकून आलीय. विहिरीवर बायका तिच्या घागरीपासून आपली घागर लांब धरू लागल्या.

ते बदललं नागम्माच्या शेवटच्या दुखण्यात. म्हातारीच्या पोटात गाठ होती. ती इतकी ओरडायची की गल्लीतली लेकरं भ्यायची. वैद्यानं हात टेकले. तेव्हा नीलम्मा सासूच्या उशाशी बसली आणि कानडीत, मराठीत, जमेल तसं तिच्याशी बोलत राहिली. कळ कुठं हाय अव्वा? मोठी हाय का लहान? आता कुठं सरकली? म्हातारी आधी चिडली, मग सांगू लागली. सांगता सांगता तिचं ओरडणं कमी झालं. कळ होतीच, पण ती आणि कळ यांच्यात वीतभर जागा झाली होती. नागम्मा शांतपणे गेली. ते दारातनं पाहिलेल्या बायकांनी गावभर सांगितलं.

त्यानंतर बायका यायला लागल्या. कुणाचं लेकरू गेलेलं, कुणाला रात्रंदिवस धडकी भरायची, कुणाचा नवरा दारूडा. याला गावात नाव पडलं, नीलम्माकडं बसणं. अमकी आता नीलम्माकडं बसतीय, असं म्हणायचे. त्यांत पिंजारी गल्लीतली मालनबी होती. कापसाच्या धुळीनं तिची छाती भरलेली, बसली की श्वास शिट्टीसारखा वाजायचा. बाकीच्या हसायच्या. नीलम्मा म्हणायची, तुझं बरंय, तुला शोधावा लागत न्हाय. मालनबीचा नवरा लाडलेसाब गाद्या भरायचा, दारोदार पिंजायची धनुकली घेऊन फिरायचा. शरणबसप्पाच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्याच्याच हातच्या. शरणबसप्पाचा मुलगा शिवलिंग लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून बाजाराला जायचा.

नीलम्मानं बायकांना श्वास शिकवला, कळ बघायला शिकवली. ती पाच वचनं तिनं शिकवली नाहीत. परक्या भाषेतली अक्षरं या बायकांना कशाला, असं तिला वाटलं.

मग ते साल आलं. हिंदुस्थानातनं इंग्रज गेला, इथं निजाम राहिला. रजाकार गावोगाव फिरू लागले. सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे कॅम्प पडले. शिवलिंग मिसरूड फुटलेला गडी. एक दिवस शेतावर म्हणून गेला तो तिकडंच पोचला. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका जाळला त्यात तो होता, असं कानावर आलं. शरणबसप्पा दुकानात बसायचा आणि दारासमोरनं कोणी सायकलवरनं गेलं तरी त्याची मान वळायची. बाजारात माणसं हळू बोलत. कुठं ट्रक आला, कुठं गंजी पेटली, कोणत्या गावची चावडी सोडून पाटील पळाला. बसायला येणाऱ्या बायका आता डोळे मिटायला भ्यायच्या. मिटले की कान मोठे होतात, त्या म्हणायच्या.

पिंजारी गल्लीत रजाकारांनी घरटी एक गडी मागितला. जो देणार नाही त्याचं घर राहणार नाही. लाडलेसाबला खाकी सदरा दिला, हातात काठी दिली. मालनबी नीलम्मापुढं येऊन बसली आणि त्या दिवशी तिचा श्वास नुसताच वाजत राहिला, आत जाईना.

होळी झाली आणि शिवगंगा तापानं अंथरुणाला खिळली. आईला बघायला शिवलिंग चोरून आला. सकाळी परत निघाला तो ओढ्याच्या वळणावर त्याला रजाकारांनी गाठलं. गोळीचा आवाज घरापर्यंत आला. शरणबसप्पा म्हणाला की कुणीतरी साळुंकी मारली असेल, आणि मग उभ्या जागी खाली बसला. दुपारी ते गावात आले. दुकान पेटवलं. शरणबसप्पाला चावडीपुढं ओढत नेलं आणि मुलाला घरात थारा दिला म्हणून त्याचा उजवा हात दगडावर ठेवून मोडला. सगळ्या वेळात लाडलेसाब खाकी सदऱ्यात, काठी धरून, खाली मान घालून बाजूला उभा होता. त्यानं हात लावला नाही. पण तो तिथं होता, आणि शरणबसप्पानं त्याला पाहिलं.

शिवलिंग आल्याची खबर कुणी दिली ते आजतागायत कळलेलं नाही. शरणबसप्पाच्या लेखी ते त्याच दुपारी ठरलं.

हात वाकडा जुळला. माणूस झोपेना, जेवेना. दारात पाचोळा वाजला तरी लटलट कापायचा. एका सकाळी तो जिना चढून माळवदावर आला. थोरल्या दिरानं विधवा भावजयीजवळ असं येऊन बसणं रीतीचं नव्हतं. तो लांब बसला, तिच्याकडं न बघता म्हणाला, "नीलम्मा, मलाबी शिकव. ह्या भ्यावानं म्या मरतोय."

तिला त्याची कणव आली. नागम्माला जे दिलं, बायकांना जे दिलं, ते याला का नको? तिनं विचारलं, "अण्णा, श्वास कुठं लागतोय?"

शरणबसप्पासारखं बसणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. बायकांना महिने लागायचे ते त्याला काही दिवसांत जमलं. मन एकदा ठेवलं तिथं राहायचं, तराजूच्या काट्यासारखं. कापरं गेलं. झोप आली. आषाढापर्यंत तो असा बसू लागला की चिमण्या त्याच्या गुडघ्याजवळचे दाणे टिपायच्या. नीलम्माला पहिल्यांदा वाटलं, सयालेचं देणं आपल्या हातनं योग्य जागी पोचलं.

एका सकाळी माळवदाच्या कठड्याच्या फटीतनं घोणस निघाली. नीलम्माला ती दिसली. आवाज काढावा तर दिराच्या पायाजवळच ती होती. शरणबसप्पाचे डोळे उघडे होते. घोणस त्याच्या घोट्यावरनं सरकत गेली. त्याचा श्वास जरासुद्धा ढळला नाही. ती पुढं गेल्यावर त्यानं डाव्या हातानं शेजारचा पाटा उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि दाबला. घाई नाही, दात आवळणं नाही. तिची शेपटी आपटायची थांबेतोवर तो तसाच, संथ श्वास घेत, दाबून बसला. मग पाटा जागेवर ठेवून त्यानं डोळे मिटले.

साप मारायला नीलम्माचीही ना नव्हती. खेड्यात कोण सोडतं? पण त्या चेहऱ्यावर तिनं जे पाहिलं ते तिला ओळखीचं होतं. ओढ्यात एका पायावर उभा राहणारा बगळाही असाच निश्चळ असतो. तेव्हा तिला ती पाच वचनं आठवली. सयाले ती आधी का म्हणवून घ्यायची, हे तिला माळवदावर, मेलेल्या घोणशीच्या शेजारी बसून कळलं. सुरीला धार लावायच्या आधी ती कुणाच्या हातात जाणार ते बघावं लागतं.

तिनं त्या दिवशी दिराला सांगायचा प्रयत्न केला. अण्णा, एक राहिलंय, ते आधी सांगायला पायजे होतं, असं म्हणून तिनं वचनांचा अर्थ सांगितला. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला की ते ज्यांना राग येतो त्यांच्यासाठी असंल. त्याला आता राग येतच नाही. तो खोटं बोलत नव्हता. राग खरंच गेला होता. मागं राहिला होता तो ठराव.

भादव्यात विमानं दिसली. नळदुर्गाकडनं तोफांचे आवाज आले आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. हिंदी फौजेचे ट्रक बेंबळीवरनं गेले. रजाकार ज्या ट्रकमधनं आले होते त्यातनंच पळाले, आणि ज्यांना सदरे घातले होते त्यांना मागं ठेवून गेले. गावात गुलाल उडाला. शिवगंगेनं मुलाच्या नावानं हंबरडा फोडला, इतके महिने दाबलेला. लोक म्हणाले, सुटलो.

पितरांचा पंधरवडा लागला आणि आसपासच्या गावांतनं बातम्या यायला लागल्या, आता उलट्या बाजूच्या. अमक्या गावात विहीर भरली. तमक्या गावात गल्लीच उरली नाही. दुकानाच्या जळक्या पडवीत माणसं जमू लागली. शरणबसप्पा मध्ये बसायचा. तो फार बोलायचा नाही. बाकीचे ओरडायचे, त्यांचे आवाज चिरकायचे. तो एखादा शब्द बोलायचा आणि सगळे गप्प व्हायचे. इतका शांत माणूस म्हणतोय म्हणजे ते बरोबरच असलं पाहिजे, असं त्यांना वाटायचं. नीलम्मा आतनं ऐकायची. तिच्या शिकवण्याचं फळ तिला पडवीतनं ऐकू येत होतं.

एका सकाळी मालनबी मागच्या दारानं लाडलेसाबला घेऊन आली. चार दिवस तो उभ्या ज्वारीत पावसात भिजत होता. गड्यांनाच धोका आहे, ती म्हणाली, बायामाणसांना कोण काय करतंय. तिची सासू घरात आंधळी, लेक लहान, त्यांना सोडून तिला येता येणार नव्हतं. नीलम्मा तिला म्हणाली की सगळ्यांनाच घेऊन ये. मालनबी नको म्हणाली. या घरात त्याला कोणी शोधणार नाही, एवढंच तिला पाहिजे होतं. नीलम्मानं लाडलेसाबला भाकरी दिली, बळदात उतरवलं आणि दार लावलं. मालनबी पदर सारखा करत आल्या वाटेनं गेली.

दिवस ढगाळ होता. दुपार कलली तेव्हा ओढ्याच्या अंगानं धूर दिसू लागला. आरडाओरडा फार नव्हता. कापूस जळताना आवाज होत नाही. त्याचा वास मात्र घरात येऊन भरला. नीलम्मा उठली, दारापर्यंत गेली, आणि बळदाकडं बघून परत फिरली. ही जागा सोडली तर आतला माणूस जाणार, न सोडली तर तिकडचे. ती सूप घेऊन बळदाच्या दाराला पाठ लावून बसली. हात तूर निवडत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

शरणबसप्पा मागच्या दारानं आत आला. आंघोळ केलेली, केस ओले, कपाळावर ताजं भस्म. डाव्या हातात कुऱ्हाड, तीही धुतलेली. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"नीलम्मा, तुझा श्वास आज नाकात न्हाय," तो म्हणाला. "गळ्यात हाय. मला इथनं दिसतोय. पाठीमागं कोन हाय?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. पण त्याला ते कळलंच असतं. तिनंच त्याला बघायला शिकवलं होतं.

"लाडलेसाब हाय," ती म्हणाली. "तुमच्या घरात आलाय, अण्णा. तुमची भाकर खाल्लीय त्यानं."

तो खाली बसला, मांडी घालून, कुऱ्हाड मांडीवर आडवी. तिनं मग तेवढंच केलं जे तिला येत होतं. म्हणाली, "अण्णा, आत काय हाय ते बघा. अंगात कुठं हाय ते सांगा मला."

त्यानं आज्ञाधारक शिष्यासारखे डोळे मिटले. तिला आशा वाटली. मोडक्या हातात काही असेल, छातीत लेकराचं दुःख असेल, ते त्याला सापडलं तर कुऱ्हाड आपोआप खाली जाईल. तो पुष्कळ वेळ शोधत राहिला. मग डोळे उघडले.

"कुठंच काय न्हाय. सगळं गार हाय."

तो उठला. नीलम्मानं दाराला पाठ घट्ट लावली. शरणबसप्पानं कुऱ्हाड कोपऱ्यात टेकवून ठेवली, जिथं ती नेहमी असायची.

"त्याला म्या काय करत न्हाय," तो म्हणाला. "तिकडनंच आलोय म्या. गल्लीत आता कोनी न्हाय. त्यो राहू दे. म्या जसा मागं राहिलोय, तसा त्यो बी राहू दे."

एवढं सगळं बळदाच्या दाराला ऐकू गेलं होतं. आतनं एक अंग लाकडाला घासत खाली बसल्याचा आवाज तेवढा आला, आणि तो नीलम्माच्या पाठीला लागला.

तिन्हीसांजेला तिनं त्याला बाहेर काढलं. दोघं ओढ्याकडं गेली. गल्लीत पांढरी राख गुडघाभर होती, कापसाची, फुंकर मारली तर उडेल अशी. लाडलेसाबनं आपल्या घराच्या जागी हातानं राख बाजूला केली, मग थांबला. नीलम्माकडं बघून म्हणाला, "मला कशाला ठिवलंस?" फौजेचा एक ट्रक गुलबर्ग्याकडं निघाला होता, त्यात त्याला कुणी बसवलं. तो पुन्हा या बाजूला आला नाही.

पुढं अधिकारी आले, चौकशीला. गाव एकमुखानं म्हणालं, बाहेरची टोळी होती, कुणी ओळखीचं नव्हतं. नीलम्मा चावडीवर गेली आणि जे होतं ते सांगितलं. आमच्या अण्णांनी केलं. त्यांच्यासंगं अमके अमके होते. आणि अण्णांचं भ्याव म्या घालवलं होतं. अधिकाऱ्यानं शरणबसप्पाला बोलावलं. तो आला, समोर बसला. त्याचा चेहरा, त्याचा वाकडा हात, त्याचा मेलेला मुलगा. अधिकाऱ्यानं त्याला पाणी दिलं. बर्मातनं चालत आलेल्या विधवेच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, असं चावडीतल्या लोकांनी सुचवलं आणि ते मानलं गेलं.

त्या दिवसापासून तिचं घरातलं ताट बंद झालं. ती पिंजारी गल्लीत गेली, मालनबीच्या घराच्या दोन भिंती उभ्या होत्या त्यांवर पाचट टाकून राहिली. लोकांच्या शेतात खुरपायला जायची. वर्ष-दीड वर्ष तिच्याकडं कोणी फिरकलं नाही. मग एखाददुसरी बाई यायला लागली, तोंड लपवून. नीलम्मा तिला श्वास शिकवायच्या आधी पाच गोष्टी विचारायची, आणि एकीला तरी तिनं परत पाठवलं: आधी जावेशी खोटं बोललीस ते निस्तर, मग ये. बसताना तिच्या स्वतःच्या कानात शिट्टीसारखा एक श्वास वाजायचा. तो विरत नसे. टिकत नाही, असं म्हातारीनं सांगितलं होतं. नीलम्मा वाट बघत बसायची.

शरणबसप्पा माळवदावर बसत राहिला. गल्लीतनं तो दिसायचा, आभाळाला लागून, दगडासारखा. लोक त्याच्या पाया पडू लागले. एवढं दुःख सोसून माणूस कसा निर्मळ झालाय बघा, म्हणायचे. तो नीलम्माकडं एकदाच आला, केस पांढरे झाल्यावर. उंबऱ्याबाहेर बसला.

"बसलं की आता काहीच दिसत न्हाय," तो म्हणाला. "सुख न्हाय, दुःख न्हाय. हेच का ते शेवटचं?"

"न्हाय, अण्णा. ते येगळं."

"मग हे काय हाय?"

"चावडीवर जा. समद्यांपुढं सांगा काय केलं ते. मग या, म्या सांगते."

तिला वाटलं, त्याचा श्वास एकदा अडखळला. पण खात्री नव्हती; वारं होतं. मग तो उठून गेला आणि परत आला नाही.

तो गेला तोही बसल्या बसल्या, पहाटे, तळहातावर लिंग घेऊन. लिंगायत माणसाला पुरतानाही बसवूनच पुरतात, त्यामुळं त्याला हलवायची फार गरज पडली नाही. ओढ्याकाठी लोकांनी चौथरा बांधला. दर सोमवारी तिथं बेल वाहतात, आणि रात्री दचकून उठणारी लेकरं आणून त्यांचं डोकं दगडाला टेकवतात. भीती जाते म्हणतात. नीलम्मा त्यानंतर बरीच वर्षं होती. शेताला जायची सोपी वाट त्या चौथऱ्यावरनंच होती. ती खालच्या अंगानं जायची, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, चिखलातनं.